टेसीचा माफीनामा
अठराशे अडतीस सालच्या अकराव्या महिन्यात माझी धाकटी बहीण टेसी परत आली. नवरा तापानं गेलेला, कडेवर आठ महिन्यांची पोर. मी दार उघडलं आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "पाय पूस." सख्खी बहीण तीन वर्षांनी दारात उभी, आणि मला पडली होती फरशीची!

तीन वर्षांपूर्वी ती ल्यूक नावाच्या गाडीसुताराबरोबर पळून गेली. तो बाप्टिस्ट, म्हणजे दुसऱ्या पंथाचा. लग्न लागलं पाद्र्यापुढे. आम्हा क्वेकर पंथाच्या लोकांत पाद्रीच नसतो, आणि पंथाबाहेर लग्न करणाऱ्याला आमची सभा, म्हणजे पंथाची मंडळी, काढून टाकते. टेसीला काढलं. आई त्याच वर्षी गेली. घर, गोठा, लोणी, बाबांचं पथ्यपाणी, सगळं माझ्या गळ्यात पडलं. मलाही एक स्थळ आलं होतं. बाबा म्हणाले, "डॉर्कस, तू गेलीस तर माझं कोण बघणार?" झालं, विषय संपला. टेसीचा राग आला होता का? आला होता. कशाला लपवू?

बाबा सभेतले मोठे माणूस. नातीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. जेवायच्या आधी आम्ही देवासाठी घटकाभर गप्प बसतो. त्या दिवशी बाबा इतका वेळ गप्प बसले की वाटाण्याच्या सुपावर साय धरली. पोर भुकेनं टाहो फोडत होती, पण टेसीची चमचा उचलायची छाती होईना. शेवटी बाबा बोलले.

"सभेनं परत घेतलं तर हे घर तुझं. नाही घेतलं तर जिल्ह्याचा गरीबखाना आहे."

"बाबा, तिथं पोरं आयांजवळ ठेवत नाहीत! आणि ही थंडी..."

"थंडी मी पाडली का?" म्हणाले, आणि सूप ओरपायला लागले.

सभेत परत यायचं तर आपलं चुकलं असा कागद स्वतःच्या हातानं लिहायचा. तो वाचून होईस्तोवर सगळ्यांसमोर उभं राहायचं. टेसीनं लिहिलं, 'तुम्हा सगळ्यांना दुःख दिलं, त्याचं मला वाईट वाटतं.' कागद चार दिवसांत परत. सभेनं विचारलं, लग्नाचं वाईट वाटतं असं कुठंय यात?

"नाहीच वाटत तर!" टेसी चुलीपाशी बसून मला म्हणाली. "अगं, तीन वर्षं मी हसत होते त्या घरात. कसं लिहू?"

"हसलीस ना पोटभर? मग आता लिही."

"खोटं लिहू? आपण कोर्टात शपथसुद्धा घेत नाही, आपला शब्द एरवीही खराच म्हणून. आणि मी..."

"बाई गं, तुला पोर हवी की खरेपणा?" मी तिच्या हातात टाक कोंबला आणि वाक्य सांगितलं. 'ल्यूकशी लग्न केल्याचा मला मनापासून पश्चात्ताप होतो.' तिनं लिहिलं आणि परसात जाऊन हात घासघासून धुतले. मी म्हटलं, चला, सुटलो एकदाचे.

तेव्हा माझ्या मनात काळंबेरं नव्हतं, खरंच सांगते. पोर माझ्या अंगावर झोपायची, टोपीची नाडी चोखायची. मग एका सकाळी टेसीनं पाव भाजला. बाबांनी घास घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "हिच्या हाताला तुमच्या आईची चव आहे." तीन वर्षं मी रोज पहाटे कणीक तिंबत होते. एकदा तरी बरा झालाय म्हणावं? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

त्याच दुपारी सभेकडून हॅना वुडवर्ड आली, टेसीचा पश्चात्ताप खरा आहे का ते पाहायला. टेसीशी बोलून झाल्यावर तिला बाहेर पाठवलं. दार उघडंच होतं. दाराबाहेरच टेसी पोरीला घेऊन उभी होती, मला दिसत होती.

"डॉर्कस, तू हिच्याबरोबर राहतेस," हॅना म्हणाली. "तू हो म्हण, म्हणजे मी निघाले. पाव्हणे यायचेत घरी." म्हातारीलाही ते उरकूनच टाकायचं होतं.

"नाही," मी म्हटलं. "वाक्य मी सांगितलं, हिनं लिहिलं. हिला काडीचाही पश्चात्ताप नाही."

हॅनाचा चेहरा उतरला. मग तिनं माझा हात धरला. "खरं बोललीस. सोपं नसतं गं." आणि काय सांगू, मला धन्य वाटलं!

सभेनं टेसीला परत घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी गरीबखान्याकडे न्यायला गाडी जुंपली. मी दारात होते. टेसी अंगणातून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"का गं केलंस?"

"मला खोटं बोलता येत नाही," मी म्हटलं.

"येतं की. आत्ताच बोललीस."

ती गाडीत चढली. पोरीनं मला पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले, घे म्हणून. बाबांनी लगाम झटकला, गाडी निघाली. बर्फाचा वारा आत येत होता. मी दार लावून घेतलं.