घुमटाखालची काडी

"यावर तू विश्वास ठेवणार नाहीस, ताई. कोणीच ठेवणार नाही," घड्याळजींनी घसा साफ केला. "पण तुझं झाड थंडीनं आकसलं."

ताई काठी टेकत खिडकीपाशी उभी होती. मोडलेलं हाड जुळेपर्यंत लेकीकडे चार महिने काढून ती नुकतीच घरात शिरली होती. जिथं कमरेइतकं उंच, जाड पानांचं झुडूप असायचं, तिथं आता टेबलावरच्या घड्याळाचा काचेचा घुमट होता आणि त्याखाली बोटभर काडी. काडीला चार पानं.

"आकसलं?"

"कासवासारखं! रोज वीतभर आत. मी पट्टी लावून मोजत होतो."

थापा मारण्यात घड्याळजींचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका गिऱ्हाइकाचं घड्याळ पुढं पळायला लागलं, तेव्हा "तुमचा वेळ वाचतोय" असं पटवून त्यांनी त्याला हसत हसत घरी पाठवलं होतं. आज मात्र जीभ अडखळत होती. त्या झाडाची पहिली फांदी भाऊजींनी रुमालात गुंडाळून खिशातून आणली होती. भाऊजी गेले, झाड राहिलं. ताई ओल्या फडक्यानं एकेक पान पुसायला बसली की घरात कोणी तिच्याशी बोलत नसे.

पडली त्या दिवशी स्ट्रेचरवरून जाताना ती एवढंच म्हणाली होती, "झाडाकडे बघ रे." कसं बघायचं ते सांगायला सवड कुणाला होती? घड्याळजींना एकच ठाऊक: रोज चावी दिली नाही की वस्तू बंद पडते. सकाळी आठला अकरा घड्याळांना चावी, आणि लगेच झाडाला तांब्याभर पाणी. पानं पिवळी पडली, तेव्हा त्यांनी दोन तांबे सुरू केले. तिसऱ्या आठवड्यात खोड दाबून बघितलं, तर पिकल्या केळ्यासारखं बोट आत गेलं. घड्याळजींचं धाबं दणाणलं.

रोपवाटिकेतल्या बाईंनी त्यांना चांगलंच झापलं. "अहो काका, त्याच्या पानांतच पाणी साठलेलं असतं. बुडवून मारलंत की!"

एक शेंडा तेवढा टणक उरला होता. घड्याळजींनी तो बारीक पात्यानं कापला, काप सुकेपर्यंत आठवडाभर टीपकागदावर ठेवला आणि वाळूत खोचला. बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून दुकानातल्या सर्वांत महागड्या घड्याळाचा घुमट त्यावर पालथा घातला. काच आतून ओलावली की उचलून पुसायची. पाणी मात्र नाही! आठचे ठोके पडले की ते दोन्ही हात खिशात कोंबून उभे राहत. फोनवर ताईनं विचारलं की "जिवंत आहे" म्हणत. तेवढंच खरं होतं.

ताईनं घुमट बाजूला ठेवला. "तुझं भिंग दे."

भिंग डोळ्याला लावून ती बराच वेळ वाकून राहिली. घड्याळजींना अकराही घड्याळांची टिकटिक वेगवेगळी ऐकू यायला लागली.

"ही खालची दोन पानं जुनी. वरची दोन कोवळी. आकसणाऱ्या झाडाला नवी पानं फुटतात होय रे?"

"कडाक्याच्या थंडीत कधी कधी…"

सत्तरीच्या भावाचा कान ताईनं धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पकड ढिली नव्हती.

"खोटं! साफ खोटं. माझं झाड तू मारलंस, आणि हे तूच जगवलंयस."