चौकोनी नाण्याचे कोपरे

आमच्या नगराध्यक्षाला, बाल्थासर त्साइडलरला, बंदुकीचं कोणतं टोक पुढे धरायचं एवढं ठाऊक होतं, आणि तेवढ्या बळावर तो नेमबाजीच्या जत्रेचा राजा व्हायला निघाला होता. राजाला मानाचं चौकोनी नाणं मिळतं. दवंडीत म्हणे शुद्ध चांदीचं. सोनार गालात हसत होता.

मी जत्रेचा फळीमास्तर. कुणाची गोळी कुठे लागली ते काठीनं दाखवायचं, आणि ज्याची निशाणाला शिवतही नाही त्याला बाकावर पालथा घालून ढुंगणावर लाकडी फळी हाणायची, हे माझं काम.

त्या वर्षी योब्स्ट नावाचा परगावचा कुलपं करणारा कारागीर आला. राजाला गावचं नागरिकत्व फुकट मिळतं, आणि त्याशिवाय योब्स्टला ना दुकान, ना लग्न. त्याची आपोलोनिया कुंपणाशी नखं खात उभी होती. पोरानं गोळी नेमकी मधोमध घातली.

नगराध्यक्षाचा कारभारी माझ्या कानाशी लागला. "मधलं भोक साहेबांचं म्हणायचं. कळलं का रे?"

"आणि साहेबांची गोळी?"

"जाईना कुठेही! तू ऐक, नाहीतर तुझी फळी गेली समज."

साहेबांची गोळी कुंपणापलीकडच्या कोबीत गेली. मी काठी मधल्या भोकावर ठेवून ओरडलो, "हे योब्स्टचं! साहेब, तुमचं कोबीत. या, बाकावर या!"

"अरे, मी नगराध्यक्ष आहे!"

"म्हणून तर रुंद फळी आणलीय."

लोक खदाखदा हसले. एवढ्या लोकांपुढे रीत मोडायची त्याची छाती नव्हती. तो पालथा झाला. मी फळी हाणली, तसा तो असा किंचाळून उडाला की मलाच नवल वाटलं. एवढं काही मी मारलं नव्हतं. त्याच्या फुगीर विजारीतून काहीतरी खणकन खाली पडलं. मानाचं नाणं! जिंकायच्या आधीच लेकाचा ते मागच्या खिशात घालून बसला होता, आणि कोपरा नको तिथे रुतला होता.

"मी... जपून ठेवलं होतं," तो म्हणाला.

"जागा बाकी छान शोधलीत हो!" मासळीवाली बार्बरा ओरडली.

योब्स्टनं नाणं उचलून पुसलं. कोपरा तांबडा दिसत होता. "मास्तर, यात तांबंच जास्त आहे की!"

"असणारच. आमच्या गावचं आहे ते."

दुसऱ्याच दिवशी माझी फळी काढून घेतली. घेऊ देत. नागरिकत्वाची शपथ नगराध्यक्ष खुर्चीत बसून देतो. आजवर कुठल्याही उपऱ्यासाठी हा माणूस खुर्चीतून उठला नव्हता. योब्स्टला मात्र त्यानं ती उभ्यानं दिली.