भिंतीवरची एम.एस्सी.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास एक अनोळखी गिऱ्हाईक सलूनमध्ये शिरलं, रिकाम्या खुर्चीत बसलं आणि म्हणालं, "दाढी." त्या एका दाढीत उस्तादांनी आपल्या लेकीची नोकरी धोक्यात घातली. तेही तिचं कौतुक करून.

उस्ताद हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गल्लीतली डोकी आजोबा-नातवांसकट त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यात कधीतरी कुणीतरी उस्ताद म्हटलं आणि ते चिकटलं. सलून एका खोलीचं. एक लांब आरसा, त्याच्यासमोर दोन खुर्च्या, त्यातली एक मोडकी असल्याने टॉवेल ठेवायला, आणि दाराजवळ एक बाक. बाकावर मास्तर. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरांच्या डोक्यावर कात्री लावावी असं काही उरलं नव्हतं, पण पेपर फुकट मिळतो म्हणून ते रोज यायचे आणि आवडलेली बातमी अख्ख्या दुकानाला मोठ्यानं ऐकवायचे.

खुर्चीमागच्या भिंतीवर एक मोठी फ्रेम होती. वर फोटो : काळा झगा, चौकोनी टोपी, आणि टोपीखाली सगळे दात दाखवून हसणारी मुलगी. खाली तिच्या पदवीची रंगीत प्रत. एम.एस्सी., रसायनशास्त्र, प्रथम श्रेणी. लहानपणी तिचे पुढचे दोन दात चेहऱ्याच्या मानाने फारच मोठे होते, म्हणून घरात तिला खारू म्हणत. पुढे चेहरा दातांच्या मापाचा झाला, पण नाव राहिलं ते राहिलंच.

ही फ्रेम मंगळवारी तिथे असायला नको होती.

पदवी हातात पडल्यावर खारूनं नोकरीसाठी चपला झिजवल्या. मोठ्या कंपन्यांनी अनुभव विचारला. अनुभव मिळावा म्हणूनच आलेय, असं ती म्हणाली, की समोरचा माणूस गोड हसून "कळवतो" म्हणायचा. मग तिनं आपल्या अपेक्षा एकेक पायरी खाली उतरवल्या. औषधाच्या दुकानदारानं तिचं शिक्षण ऐकून हातच जोडले. "ताई, तुम्ही काउंटरला उभ्या राहिलात तर मी कुठं उभा राहू?" रंगाच्या गोदामात म्हणाले, तुम्ही टिकणार नाही. मोठ्या ठिकाणी तिची पदवी कमी पडत होती आणि छोट्या ठिकाणी जास्त होत होती. तिच्या मापाचं ठिकाण काही सापडेना.

शेवटी सापडला तो कवळ्यांचा कारखाना. शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका जिन्याखाली. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप तिथे पाठवत. कारखान्यात त्यावरून प्लास्टरचा साचा व्हायचा, मेणाच्या हिरड्या व्हायच्या, त्यात दात बसायचे आणि शेवटी मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिक भरून, साचा आवळून तापवला की कवळी तयार व्हायची. मालकानं दारातच अट घातली होती. "पदवीवाला नको. मागं दोघं घेतले. हात धरून शिकवलं. हात बसला तसं कंपनीचं बोलावणं आलं आणि दोघं भुर्र. तुझं काय झालंय?"

"बारावी," खारू म्हणाली. खोटं नव्हतं. बारावी झालीच होती.

कामाला लागल्यापासून तिनं घरातल्यांची तोंडं बघायचा सपाटा लावला.

"आई, हस की जरा. अगं, तुझे दात किती छान पिवळट आहेत!"

"ही काय तारीफ झाली, मेली?"

"खरंच सांगते. हाच रंग जमत नाही कुणाला. लोक पांढरेशुभ्र मागतात आणि मग तोंडात बाथरूमच्या फरश्या बसवल्यासारखं दिसतं."

संध्याकाळी ती घरी आली, की आई तिला दारातच उभी करायची. नखांत प्लास्टर आणि बाह्यांच्या दुमडीत कवळीच्या प्लॅस्टिकची गुलाबी पावडर, बोट लावलं तर बोटाला यायची. बाह्या झटकायचं काम उस्तादांकडे. झटकताना दिवसभराचं सगळं कानावर पडायचं. एकदा पावडर आणि द्रव कसं कालवायचं हे मालक समजावत होते म्हणे : सावकाश घे, घाई केली की आत फुगे धरतात, का ते देव जाणे.

"मला माहीत होतं का ते," खारू म्हणाली. "परीक्षेत लिहून आलेय मी. पण बारावीच्या मुलीला कसं माहीत असेल? जीभ चावली, बाबा. अगदी दातांनी."

त्याच दिवशी तिनं बजावलं होतं. "बाबा, दुकानातली ती फ्रेम काढा. कोण कुठून येईल सांगता येत नाही."

"काढतो," उस्ताद म्हणाले. आणि त्यांनी काढलीही. आरशाशेजारची काढून खुर्चीमागच्या भिंतीवर लावली. रस्त्यावरून दिसणार नाही, एवढा त्यांचा विचार. दाढीला बसलेल्या माणसाचं तोंड आरशाकडे असतं आणि आरशात त्याला मागची भिंतच दिसते, हे आयुष्यभर खुर्चीमागे उभं राहिलेल्या माणसाला कुणी सांगायला नको होतं. मास्तरांनी तरी सांगितलं.

"उस्ताद, तुम्ही फ्रेम लपवलीत की आरशात टांगलीत?"

"पेपर वाचा तुम्ही," उस्ताद म्हणाले.

तर मंगळवारी अनोळखी गिऱ्हाईकाच्या गालावर फेस चढला. माणूस साठीकडे झुकलेला, बोलणं बेताचं. डावा गाल झाला. उजव्या गालाकडे वळताना उस्तादांच्या लक्षात आलं, की गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघतच नाहीये.

"ती मुलगी कोण?"

"ती होय?" वस्तरा हवेत थांबला. "लेक माझी."

"शिकलेली दिसते."

"शिकलेली? एम.एस्सी. आहे साहेब! रसायनशास्त्र. विद्यापीठात..."

"दुसरी," बाकावरून मास्तर म्हणाले. "पाठ आहे आम्हाला. गिऱ्हाईक बदलतं, नंबर तोच राहतो, एवढं बरं आहे."

"आणि सध्या काय करते?"

इथे उस्तादांना गप्प बसता आलं असतं. लेकीला दिलेला शब्द त्यांना आठवलाही. पण शब्द पाळायचा म्हणजे कवळ्यांचं नाव काढायचं नाही, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. बाकीचं मैदान मोकळं होतं.

"संशोधन," ते म्हणाले. "मोठ्या कंपनीत. गुप्त असतं सगळं. घरीसुद्धा बोलत नाही पोरगी."

मास्तरांनी पेपर खाली घेतला. हे ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"कसलं संशोधन?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"तोंड मिटा साहेब, ओठापाशी आलोय."

न्हाव्याजवळ हे एक शस्त्र कायम असतं. त्यानं वेळ निभावली. मग उस्तादांनी गालांवरून तुरटी फिरवली आणि गळ्याभोवतीचं कापड सोडलं. गिऱ्हाईकानं हात बाहेर काढले. नखांत पांढरं प्लास्टर होतं. शर्टाच्या बाहीच्या दुमडीत गुलाबी पावडर होती.

उस्तादांच्या हातातली तुरटी खाली पडली.

"साहेब... आपण असता कुठं?"

"कवळ्या बनवतो. तुमच्या शेजारच्या डॉक्टरांकडे माप न्यायला आलो होतो. ते उशिरा येणार म्हणाले, म्हटलं दाढी उरकून घेऊ." त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला. "हात चांगला आहे तुमचा." दाराकडे जाताना ते फ्रेमसमोर थांबले. "माझ्या लक्षात चेहरे राहत नाहीत. दात ओळखीचे वाटले."

ते गेल्यावर मास्तरांनी पेपराची घडी घातली. मग उस्तादांनी स्टूल ओढलं आणि फ्रेम काढली. भिंतीवर तिच्या मापाचा स्वच्छ चौकोन राहिला.

"आता काढून काय करताय?" मास्तर हळू आवाजात म्हणाले. "पोरीला फोन लावा."

खारूनं फोन उचलला नाही. कामात हात भरलेले असले की ती उचलत नसे, हे माहीत असूनही उस्ताद दुपारभर लावत राहिले. दोन गिऱ्हाइकांना त्यांनी विचारलं, दाढी की केस, आणि उत्तर न ऐकताच कापड बांधलं.

संध्याकाळी ती आली तेव्हा ते दारातच उभे होते. बाह्या झटकायला हात पुढे केले आणि तसेच राहिले. "खारू, आज दुकानात एक गिऱ्हाईक..."

"माहीत आहे."

"बोलले ते?"

"दुपारी आले. रोज गालावर खुंट असतात, आज एकदम तुळतुळीत. मी आपलं सहज म्हटलं, आज काय विशेष? तर म्हणाले, तुझ्या बापाचा हात आहे." ती पायरीवर बसली. "बाबा, गुप्त संशोधन?"

"ते आपलं... तोंडात आलं."

तिला हसू फुटलं. अगदी फोटोतल्यासारखं, सगळे दात दाखवून. आतून आई आमटी ढवळायचा चमचा घेऊन बाहेर आली. नवऱ्याला रागवावं की लेकीला, ते तिचं ठरेना. "अहो, तुमच्या जिभेला वस्तरा लावायला हवा एकदा! आणि हसतेस काय गं? नोकरी गेली का राहिली ते सांग आधी."

"ते मलाही माहीत नाही." खारूचं हसू ओसरलं. "मालकांनी एकच विचारलं. किती दिवस राहणार? मी खरं सांगितलं. अर्ज अजून करतेय. बोलावणं आलं तर जाईन की नाही, मला सांगता येत नाही."

"असं सांगतात होय?" आई म्हणाली. "राहीन म्हणायचं!"

"एकदा लपवून झालं होतं, आई. दुसऱ्यांदा तोंड उघडेना. ते म्हणाले, मलाही आत्ता सांगता येत नाही. सोमवारी सांगतो."

उस्ताद तिच्याशेजारी पायरीवर टेकले. "तुझं शिक्षण दाखवायचंच नाही, तर एवढं शिकलीस कशाला, असं वाटतं बघ कधी कधी. रात्र रात्र जागायचीस."

खारू नखातलं प्लास्टर कोरत राहिली. "मागच्या आठवड्यात एक आजी आल्या होत्या. कवळी तुटलेली, तोंडावर रुमाल धरून बसल्या होत्या. मी जोडून दिली. त्यांनी ती बसवली आणि पहिलं काय केलं असेल? शिट्टी वाजवून बघितली. म्हणाल्या, हां, आता ठीक." ती थांबली. "मला ते काम आवडतं हो, बाबा. आणि कंपनीत जाऊन बघायचंही आहे. दोन्ही खरं आहे. काय करू?"

उस्तादांनी तिच्या बाह्या झटकल्या.

शनिवारी सकाळी कवळ्यांचे मालक पुन्हा सलूनमध्ये आले. या वेळी शेजारच्या डॉक्टरांचं दार बंद होतं, म्हणजे माप न्यायचं निमित्त नव्हतं. ते खुर्चीत बसले. "दाढी."

मास्तरांनी पेपर डोळ्यांपर्यंत वर घेतला आणि पान उलटायचं थांबवलं.

उस्तादांनी फेस केला, जरा जास्तच केला. मालक आरशातून मागच्या चौकोनाकडे बघत होते.

"फ्रेम?"

"काढली साहेब. चूक माझी. पोरीनं आधीच सांगितलं होतं काढा म्हणून. मला काढवली नाही."

"हं." वस्तरा गालावरून उतरत गेला. "काल तिनं मला फुगे का धरतात ते सांगितलं. पार पाटीवर चित्र काढून. जेवणाची सुट्टी त्यात गेली."

"कळलं का?"

"निम्मं. पण ती म्हणाली तसं करून बघितलंय. आच कमी ठेवून, सावकाश. साचा आवळून ठेवलाय. सोमवारी उघडू."

"मग साहेब, सोमवारी जर फुगे नसले तर..."

"फुग्यांचा आणि त्याचा संबंध नाही," मालक म्हणाले. "फुगे नसले म्हणजे ती हुशार आहे. ते मला आधीच दिसत होतं. चित्र काढायच्या आधीपासून जीभ चावत होती. प्रश्न आहे तो राहण्याचा. हुशार पोरगी शिकवायची, जीव लावायचा, आणि मग रिकाम्या टेबलाकडे बघत बसायचं. माझं वय आहे का आता त्याचं?"

उस्तादांच्या जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. पोरगी राहील, मी सांगतो ना, माझा शब्द. पण वस्तरा ओठापाशी होता, आणि या वेळी त्यांनी स्वतःचंच तोंड मिटून घेतलं. मास्तरांना ते इतकं अपूर्वाईचं वाटलं, की त्यांनी पेपराच्या कडेवरून डोकावून खात्री करून घेतली.

कापड सुटल्यावर मालक उठले. गाल चाचपले. "ती फ्रेम परत लावा. कोऱ्या भिंतीकडे बघत दाढी करायची म्हणजे कंटाळा येतो."

"म्हणजे साहेब..."

"म्हणजे फ्रेम लावा."

उस्तादांनी ती दुपारी लावली. मागच्या भिंतीवर नाही. पहिल्यासारखी, आरशाशेजारी, दारातून दिसेल अशी.

त्याच संध्याकाळी खारूच्या फोनवर एका कंपनीचा निरोप आला : बुधवारी मुलाखतीला या. निरोप तिनं आईला वाचून दाखवला, मग बाबांना, आणि फोन पालथा ठेवून दिला. रविवारी संध्याकाळपर्यंत तिनं कंपनीला काही कळवलेलं नव्हतं. कारखाना बंद होता, आणि साचा आत आवळलेलाच होता.