सगळे दिवे हिरवे आहेत का?

*कृपया मशीनवरचे दिवे तपासा.*

मागे भिरकावलेला अडॅप्टर भुवईवर बसला तेव्हा डिंपलला आधी आवाज ऐकू आला, दुखलं नंतर. रक्त डोळ्यात उतरलं. पारस, तिचा नवरा, खुर्चीतून उठलाही नव्हता. तो अजून लॅपटॉपकडेच बघत होता. पडद्यावरचे चांदीच्या वायद्याचे आकडे गोठले होते आणि कोपऱ्यात पिवळा त्रिकोण उगवला होता.

"खाली फोन उचललास ना?"

"मी इथंच उभी आहे."

"उलटं बोलू नको."

ती खरंच तिथंच उभी होती. संध्याकाळी बाजार चालू असेपर्यंत तिनं त्याच्या पाठीमागे उभं राहायचं, हा नियम त्यानंच काढलेला. म्हणजे ती खाली फोनवर बोलत नाही याची खात्री. आता ती खात्री पाठीमागेच उभी होती, भुवईतून गळत होती, आणि त्याला दिसत नव्हती.

मग आकडे पुन्हा पळायला लागले. मग पुन्हा थांबले. मग पुन्हा

*फोनची आणि नेटची वायर वेगळी केली आहे का?*

नारायणगावच्या बाजारपेठेतलं घर. खाली टोमॅटोची आडत, आडतीमागे सासूबाईंची, म्हणजे जतनबाईंची खोली, आणि जिना चढून वर या दोघांचा संसार. सासरे मिश्रीलालजी होते तोवर आडत पहाटेपासून गजबजलेली असायची. ते गेले आणि पारसला क्रेटला हात लावायची लाज वाटू लागली. लॅपटॉप घेतला. पुण्याहून दोन शिंगांचा वायरलेस बॉक्स आणला. टेलिफोनची लाइन बाईंच्या खोलीत येत होती, म्हणून बॉक्स तिथल्याच फडताळात बसला. वायर नको, काही नको, वर नेट हवेतून येणार, असं तो आडतीवर बसणाऱ्यांना सांगायचा. सन दोन हजार आठमध्ये गल्लीत असं दुसऱ्या कोणाकडे नव्हतं.

नेट दुरुस्तीला चौकातला केबलवाला भागू आला, भर दुपारी.

"पारसभाऊ, फोन उचलला की नेट पडणारच की! हे डबडं बसवलं बघा मधी. आता बिनघोर ऱ्हावा."

"खात्री?"

"अवो, कसलं पळतंय बघा ना! लाइन एक नंबर हाय तुमची."

दुपारी पळत होतं. दिवसभर पळत होतं. सूर्य मावळला आणि पिवळा त्रिकोण परत आला.

पारस तडक चौकात गेला. भागू चहाच्या टपरीवर बशीत फुंकर घालत होता. पारसनं त्याची कॉलर धरली आणि थोबाडीत दिली. बशी फुटली. दुसरी दिली तेव्हा टपरीवरचे लोक उठले, पण मध्ये कोणी पडलं नाही. आडतवाल्यांच्या भांडणात पडायची तिथं पद्धत नव्हती. भागू ओठावरचं रक्त पुसत म्हणाला,

"मला काय मारतो, शेठ? लाइन चांगली हाय, बॉक्स चांगला हाय. तुझ्या घरातलंच कोणीतरी करतंय. तिकडं बघ की!"

हे तो स्वतःची कातडी वाचवायला बोलला. त्याच्या तोंडून काय गेलं ते त्याला कळलं असेल-नसेल. पण डिंपलला पंधरा मिनिटांत कळलं.

पारसनं घरी येऊन आडतीतला फोन भिंतीतून उपटला. मंचरला राहणारी तिची बहीण रिद्धी रोज दुपारी ज्या फोनवर हाक मारायची, तो फोन त्यानं फरशीवर आपटला, मग चपलेनं ठेचला, मग रिसीव्हर उचलून तिच्या पाठीत घातला. एकदा, आणि तिनं हात मागे नेले म्हणून हातांवर. बाईंच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आतून पाठ म्हटल्याचा बारीक आवाज येत होता. तो आवाज थांबला नाही.

*बॉक्स बंद करा. थोडं थांबा. पुन्हा चालू करा.*

पुढच्या संध्याकाळी नेट पुन्हा थांबलं तेव्हा कंपनीच्या नंबरवर पारसनं मोबाइलवरून फोन लावला. स्पीकर चालू केला. गोड आवाजातली मुलगी म्हणाली, "सर, सगळे दिवे हिरवे आहेत का?"

"जा, बघून ये," पारस म्हणाला.

डिंपल जिना उतरली आणि बाईंच्या दाराशी थांबली. दार लोटलेलं. आत अंधार. बाई सामायिकाला, रोजच्या ध्यानाच्या बैठकीला, बसल्या होत्या. लग्न होऊन आली त्या आठवड्यातच तिला सांगितलं होतं, बाई लोकरीचं कटासन टाकून बसल्या की त्या उठेपर्यंत खोलीत पाऊल टाकायचं नाही, दिवा लावायचा नाही. विजेचा उजेड अंगावर पडला की अग्निकायाचे जीव, म्हणजे उजेडातले सूक्ष्म जीव, दुखावतात, आणि बैठकीची विराधना होऊन ती मोडते. माहेरी आजीचंही असंच होतं. त्यामुळे तिला ते वेगळं वाटलं नाही. ती पायरीवर बसून राहिली. वरून पारस ओरडत होता. ती बसूनच राहिली.

दार उघडलं. बाईंनी तोंडावरची मुहपत्ती सोडली होती, कटासन गुंडाळलं होतं.

"काय गं बिनणी?" सुनेला त्या बिनणीच म्हणायच्या.

"बॉक्सचे दिवे बघायचेत."

दिवे सगळे हिरवे होते. वर आली तर नेटही आलं होतं.

तिला वाटलं, सुटलो. पण पारस खुर्ची फिरवून तिच्याकडे बघत होता. हळू बोलत होता. 

"खाली गेलीस, आणि चालू झालं."

"मी फक्त दिवे—"

"कशाला हात लावतेस तू? सांग. मी मार खातोय तिथं बाजारात आणि तू खाली बसून मजा बघतेस?"

"देवाशप्पथ नाही हो."

"उद्या बंद पडलं ना," त्यानं तिची उजव्या हाताची बोटं एकेक करून चाचपली, बाजारात भेंडी चाचपतात तशी, "तर ही ठेवत नाही."

दुसऱ्या दिवशी ती दिवसभर बोटांकडे बघत होती. भाकऱ्या थापताना बघितलं. दिवस असतानाच जेवणं आटोपली, तेव्हा ताटं घासताना बघितलं. पळून जावं असं तिला वाटलं नाही. तिला वाटत होतं, बॉक्समध्ये काय बिघडतं ते एकदा सापडलं की हे थांबेल. तिचा पुरा विश्वास होता. घरातलं जे काही वाईट चाललंय ते त्या फडताळातल्या डब्यातून येतंय, आणि तो नीट झाला की नवराही

*मशीन आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये अडथळा असल्यास दूर करा.*

त्रिकोण आला. पारसनं मान वळवायच्या आत ती जिन्यावर होती.

"कुठं चाललीस? ए! कुठं चाललीस?"

दारापाशी ती क्षणभर थांबली. मग ढकलून आत गेली. अंधार. जतनबाई भिंतीशी बसल्या होत्या, तोंडाला मुहपत्ती, पांढरं लुगडं तेवढं दिसत होतं. फडताळात एरवी हिरवं लुकलुकायचं, तिथं काळोख होता. तिनं हात घातला. बोटांना गार पितळ लागलं.

तपेलं. लग्नाकार्यात भाताला लागतं तेवढं मोठं, उपडं, बॉक्सवर घातलेलं. मागून वायर निघाली होती तेवढ्यापुरतं तिरकं.

बाई बॉक्स बंद करत नव्हत्या. बटण दाबलं तरी जीव मरतात. चालू करताना मरतात, बंद करताना मरतात. झाकायला हरकत नाही. म्हणून रोज बसायच्या आधी त्या उजेड झाकत होत्या आणि उठल्यावर तपेलं मोरीजवळ नेऊन ठेवत होत्या. आत दिवे हिरवेच. वायरही ठीक. फक्त पितळेतून आणि वरच्या स्लॅबमधून नेट जेमतेम झिरपत होतं, तुटत होतं, परत झिरपत होतं.

डिंपलनं तपेलं उचललं. हिरवा उजेड बाईंच्या गुडघ्यांवर पडला. बाईंनी गुडघे आवरून घेतले.

"सापडलं!" ती ओरडली. खरंच आनंदानं ओरडली. "अहो, सापडलं! या, बघा—"

पारस दारात उभा होता. त्याला बायको दिसली, बॉक्स दिसला, तिच्या हातातलं तपेलं दिसलं.

"म्हणजे तूच."

"नाही, नाही, ऐका तरी. बाई, सांगा ना. बाई!"

बाईंचे ओठ मुहपत्तीमागे हलत होते. पाठ चालू होता. पारसनं तिचा उजवा हात धरला, तपेलं डाव्या हातात लोंबत राहिलं. त्यानं करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मुठीत घेतलं आणि मागे वाकवलं. ओली काटकी मोडते तसा आवाज झाला. डिंपल गुडघ्यांवर आली.  तो पुढच्या बोटाकडे वळला तेव्हा भिंतीकडून आवाज आला.

"मी ठेवलं."

पाठ थांबला होता.

"पारस, तपेलं मी ठेवते. उजेड पडतो अंगावर."

पारसनं हात सोडला. आणि हसला. लहानपणी हसत असेल तसा.

"अहो बाई! मग आधी नाही का सांगायचं? एवढंच होतं तर." तो फडताळाकडे वळला. "थांबा, मी वर नेतो हा. तुम्ही बसा, तुमची बैठक मोडू नका."

त्यानं बॉक्स दोन्ही हातांनी उचलला, शिंगं सांभाळत, तान्ह्या पोराला उचलतात तसा. वायर गुंतली होती, ती वाकून अलगद सोडवायला लागला. रागाचा मागमूस नव्हता. बिघाड सापडला होता.

डिंपल त्याच्या पाठीकडे बघत होती. बिघाड डब्यात नव्हताच, हे तिला तेवढ्यात समजलं. ती उठली. डाव्या हातानं तपेल्याचा काठ घट्ट धरला आणि त्याच्या डोक्यात घातलं. खोलीभर पितळ वाजलं. तो खाली बसला, काही विचारावं तसं मागे बघितलं. तिनं पुन्हा घातलं. या वेळी तो आडवा झाला. बॉक्स फरशीवर पडला, पण दिवे चालूच राहिले.

जतनबाई कटासनावरून उठल्या. आधी मुलाजवळ गेल्या, नाकापाशी हात धरला. श्वास होता. कण्हत होता. त्यांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पदर दाबून धरला, आणि पदर काळा होत गेला.

"बाई," डिंपल म्हणाली, "रोज ऐकू येत होतं तुम्हाला?"

"येत होतं."

"मग?"

"बैठकीतून उठता येत नाही, बिनणी."

"आत्ता उठलात."

 बाई पदर बदलून दुसऱ्या बाजूनं दाबत राहिल्या. डिंपल वाट बघत होती, आणि आपण कशाची वाट बघतोय हे तिला कळेना, म्हणून ती निघाली.

हायवेला जीपवाला "मंचर, मंचर, मंचर!" करत दार आपटत होता. आत माणसं दाटीवाटीनं बसलेली. तिचा कुंकवापर्यंत घामेजलेला चेहरा आणि सुजून निळा पडलेला हात बघून तो ओरडायचा थांबला.

"ओ पावणं, उतरा जरा," त्यानं पुढच्या सीटवरच्या माणसाला सांगितलं, "तुमी मागं जावा. ताईंना पुढं बसू द्या, मागं हात चेंगरंल त्यांचा." मग तिला विचारलं, "लई दुखतंय का? काय झालं वो?"

"नवऱ्यानं माझी बोटं मोडली," डिंपल म्हणाली. सगळ्या जीपला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, आणि चढून बसली.