मशीन नंबर तीनवरची रोजनिशी

सरोजबाईंनी आयुष्यात कधी रोजनिशी लिहिली नव्हती. लिहायला लागल्या त्याही सरकारी हुकुमापायी. प्राथमिक शिक्षकांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली आणि दोन हजार तीनच्या जानेवारीत महाडच्या बाजारपेठेतल्या धवलच्या क्लासमध्ये पन्नाशीकडे झुकलेले गुरुजी आणि बाई माउस हातात धरून घामाघूम होऊ लागले. धवलचं म्हणणं, रोज अर्धं पान मराठी टाइप करा, बोटं आपोआप बसतील. बाकीच्यांनी रजेचे अर्ज टाइप केले. महिपती गुरुजींनी महिनाभरात इतकी रजा मागितली की ती मंजूर झाली असती तर ते निवृत्तीपर्यंत घरीच बसले असते.

सरोजबाईंना अर्जांचा कंटाळा आला. मग धवलने मशीन नंबर तीनवर त्यांना रोजनिशीचं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. उघडलं की आजच्या तारखेचं कोरं पान समोर येई. कुलूप म्हणून पासवर्ड. त्यांनी मुलीचं नाव ठेवलं, श्रिया. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, आज एसटी उशिरा आली. तिसऱ्या आठवड्यात क्लासची वेळ संपली तरी त्या खुर्चीतून उठेनात. वीस वर्षं नोकरी केली, संसार केला, आणि आपल्याला एवढं काही बोलायचं होतं हे त्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

चूक झाली ती वेगळीच. गुरुजी लोक पासवर्ड विसरत, म्हणून धवलने भिंतीवर तक्ताच लावला होता: नाव, मशीन नंबर, पासवर्ड. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही, सरोजबाईंनाही नाही. शाळेत कपाटाची किल्ली कपाटाशेजारच्या खिळ्यालाच टांगलेली असते, म्हणून काय कुणी कपाट उघडून बसतं? तसंच हे, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

महिपती गुरुजी मात्र उघडून बसले.

गुरुजी सरोजबाईंच्याच शाळेचे मुख्याध्यापक. शाळा वरंधच्या वर, टेपाच्या वाडीत. शिक्षक दोन, वर्ग चार. गुरुजी माणूस वाईट नाही, पण साहेब म्हटलं की त्यांच्या पाठीचा कणा रजेवर जातो. त्यांनी मशीन तीनवर वाचलं ते असं:

"आज केंद्रप्रमुख दरेकर साहेबांची तपासणी. दुसरी-तिसरीचे वर्ग सोडून मी अडीच तास कोंबडी रांधली. वर्षातली ही चौथी. कोंबडी चंद्राबाईची. ती म्हणाली, बाई, ह्यो साहेब आला का माजी येक कोंबडी जाते. नाय तरी कसं म्हनू? पोर तुमच्या शालेत हाय. तिच्या मुलीला, दर्शनाला, आज हातच्याची वजाबाकी शिकवायची होती. ती राहिली. साहेबांनी शेरा दिला, अध्यापन समाधानकारक. वर्गात ते आलेच नाहीत. रस्सा मात्र दोनदा घेतला."

गुरुजींना दरदरून घाम फुटला. उद्या हे साहेबांना बाहेरून कळलं तर आपली धडगत नाही, त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असा हिशेब करून ते सरळ साहेबांकडे गेले. शुक्रवारी मधल्या सुट्टीत त्यांनी सरोजबाईंना गाठलं.

"बाई, साहेब उद्या दुपारी क्लासला येणार आहेत. ते पान त्यांच्यासमोर पुसायचं आणि दोन ओळी माफीच्या लिहून द्यायच्या. मग विषय संपला म्हणालेत."

"आणि नाही पुसलं तर?"

"जूनमध्ये बदल्या आहेत. पोलादपूरच्या वरच्या अंगाला एकशिक्षकी शाळा रिकामी आहे. पावसात चार महिने पायवाट बंद."

म्हणजे तिथेच खोली घेऊन राहायचं. आणि श्रिया यंदा नववीत, जूनमध्ये दहावीला. गुरुजींनी आपली रोजनिशी वाचली याचा राग यायलाही सरोजबाईंना थोडा वेळ लागला, पण आला तेव्हा असा आला की फळ्यावरचा खडू मोडला.

घरी कमलाकररावांनी सगळं ऐकून घेतलं. ते टपाल खात्यात. कागद आला तसा पुढे पाठवायचा हा त्यांचा स्वभावच झालेला.

"एक पान तर आहे. पुसून टाक ना," ते म्हणाले.

"अहो, इतकी वर्षं मी रांधलं आणि गप्प बसले. एकदाच खरं बोलले, तेही स्वतःशी. तेपण पुसू?"

"श्रियाचं दहावीचं वर्ष आहे."

"माहीत आहे मला. वाईट वाटतंय ते त्याचंच."



शनिवारी दुपारी दरेकर साहेब आले. त्यांना शाळेतल्या दोनच गोष्टींतलं कळे, हजेरीपट आणि तंगडी. मागे महिपती गुरुजी, नजर चपलांवर. सरोजबाईंनी साहेबांना खुर्ची दिली आणि मशीन सुरू केलं. क्लासमधले बाकी गुरुजी टाइप करतोय असं दाखवत होते, पण आवाज एकाही कीबोर्डचा येत नव्हता.

"उघडा ते पान," साहेब म्हणाले. बाईंनी उघडलं. "हं. आता पुसा."

बाईंनी ते पान होतं तसं ठेवलं. आजच्या तारखेचं कोरं पान काढलं आणि टाइप करायला सुरुवात केली.

"हे काय लिहिताय?"

"आजचं. तुम्ही बोला साहेब, मी ऐकतेय."

"मॅडम, मी चांगुलपणाने सांगतोय. माझा अहवाल वर जातो. तुम्हाला कुठे टाकायचं ते त्यावर ठरतं."

बाईंची बोटं चालू होती. "'कुठे टाकायचं' इथपर्यंत झालं. पायवाट चार महिने बंद म्हणालात ना? गुरुजी चार म्हणाले होते."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "ए, बंद कर रे हे मशीन," ते धवलवर ओरडले.

धवल जागचा हलला नाही. "मॅडमचा तास चार वाजेपर्यंत आहे, साहेब."

साहेब वाकून पडद्यावरचं वाचू लागले. वाचता वाचता त्यांचे ओठ हलत होते. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "माझं नाव घातलंय यात?"

"पहिल्याच ओळीत. हुद्द्यासकट. पुढे बोला."

साहेबांनी खुर्ची मागे सारली आणि ते तडक बाहेर पडले. ते गेल्यावर धवल खजील होऊन भिंतीवरचा तक्ता काढायला निघाला. "मॅडम, पासवर्ड बदलून देतो. माझंच चुकलं."

"बाकीच्यांचे काढ," सरोजबाई म्हणाल्या. "माझा राहू दे. लपून वाचतात त्यांना आता उघड वाचू दे."

पुढच्या आठवड्यात मशीन तीनसमोर मास्तरमंडळींची रांग लागली. मार्चच्या तपासणीला चंद्राबाईने कोंबडी दिली नाही. बाईंनीच तिला तसं बजावून ठेवलं होतं. साहेबांनी महिपती गुरुजींच्या हातचा पिठलंभात खाल्ला आणि लवकर निघाले.

बदलीचा हुकूम जूनमध्ये आलाच. परीक्षा त्या कधीच पास झाल्या होत्या, पण शनिवारचा तास बाईंनी सोडला नव्हता. श्रिया आईबरोबर क्लासला आली होती. तिने हुकूम वाचून दाखवला आणि बाईंनी तो जावक क्रमांकापासून शिक्क्यापर्यंत शब्दन् शब्द रोजनिशीत उतरवला. एकदा त्यांचे डोळे भरून आले, तेवढ्यापुरत्या थांबल्या. मग खाली स्वतःची एक ओळ घातली: सोमवारी हजर होते आहे, तिथेही रांधणार नाही.