बन्सीची एक्केचाळीस टक्के चरबी

बन्सी अठ्ठावन्न किलोचा. शर्ट काढला की बरगड्या मोजून घ्याव्यात. तरी औरंगपुऱ्यातल्या जिमच्या यंत्रानं त्याच्या अंगात एक्केचाळीस टक्के चरबी असल्याचं छापून दिलं.

तायक्वांदो शिकवणाऱ्या जब्बार सरांनी कागद वाचला. "छुपा रुस्तम निकला तू! भाकरी बंद. रविवारी पळायच्या चाचणीत टिकलास तरच संघात नाव."

बन्सीला अपमानापेक्षा कुतूहल जास्त. चोवीस किलो चरबी आपण ठेवली कुठं? त्यानं आरशात शोधली. पोटात नव्हती, मांडीत नव्हती. कानाच्या पाळ्या जरा संशयास्पद वाटल्या.

चार दिवस काकडी आणि उकडलेली अंडी. पाचव्या दिवशी सरावात लाथ मारायला उचललेला पाय परत कुठं ठेवायचा, ते त्याला आठवेना.

तो पुन्हा यंत्रावर चढला. बेचाळीस! उतरताना पत्र्यावर आपल्याच पावलांचे तेलकट ठसे दिसले. उष्णता उतरावी म्हणून द्वारकामावशी रोज सकाळी तेल लावून काशाच्या वाटीनं त्याचे तळवे घासायची. यंत्र तर तळव्यांतूनच बारीक वीज सोडून चरबी मोजायचं; वीज अडली, की ती चरबीच धरायचं. बन्सीनं पाय साबणानं धुतले, यंत्र पुसलं, परत चढला. अकरा.

कागद बघून सर हरखले. "देखा! पाच दिवसांत तीस टक्के! उद्यापासून सगळ्या पोरांची भाकरी बंद."

"सर, ते तेलामुळं झालतं."

"तेल पण बंद."

"पायाचं तेल, सर."

सरांना पटेना. बन्सीनं त्यांच्याच तळव्यांना तेल चोळून त्यांना यंत्रावर उभं केलं. सेहेचाळीस. पाय धुतल्यावर चोवीस.

सरांनी पोट आत ओढलं. "ये चोवीस भी जरा ज्यादाच बता रहा," ते म्हणाले. "जा, भाकरी खा."

शनिवारपर्यंत बन्सीनं मागची सगळी भाकरी भरून काढली.

रविवारी मैदानावर वीस मीटर अंतरावर दोन रेघा मारल्या होत्या. शिट्टीसरशी इकडून तिकडं पळायचं, आणि दोन शिट्ट्यांमधला वेळ कमी होत जाणार. एकेक पोरगं मातीत बसत गेलं. शेवटी बन्सी एकटाच पळत राहिला.

"बस, बन्सी! नाव लिहिलं तुझं."

बन्सी वळला आणि परत पळाला.

"अबे, लिहिलं म्हटलं ना!"

"व्हय सर," बन्सी धापा टाकत म्हणाला, "पण मी संपतो कुठं, ते तर बघू द्या."

सरांनी शिट्टी पुन्हा तोंडात धरली.