गुणाबाईची कवळी आणि शंभर वर्षांचा व्हॅम्पायर

मी एक जुनी कवळी आहे, मित्रांनो. कवळी म्हणजे दातांच्या जागी बसवायचे बनवलेले दात. माझं नाव घेतलं की माणसं आधी हसतात, मला त्याची सवय आहे. आम्ही दोघी बहिणी. मी वरची, ती खालची. ती फारशी बोलत नाही, म्हणून आमची हकीकत मीच सांगते.

माझा जन्म शहापूरच्या एका दातांच्या दवाखान्यात झाला. डॉक्टर संजीवनीबाईंनी गुणाबाईच्या हिरड्यांचा साचा घेतला, आणि त्यावरून आधी मेणात आणि मग गुलाबी मसाल्यात मला घडवलं. गुणाबाईचा मुलगा भरत तिला हट्टानं घेऊन आला होता. ती स्वतः काही यायला तयार नव्हती. "आता कुनाला दाखवायचं हाय तोंड?" असं ती एसटीत बसेपर्यंत म्हणत होती.

त्यामागचं दुःख मला पुढे कळलं. गुणाबाई किन्हवलीजवळच्या आपल्या गावातली धवलारीण. आमच्याकडे लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नविधींची गाणी, गाते आणि तिच्या गाण्याबरोबर एकेक विधी पुढे सरकतो. पण दात गेले तसे तिचे शब्दही गेले. सूर यायचा, मात्र शब्दांच्या जागी नुसता वारा बाहेर पडायचा. एका हळदीत चार मुली तोंडावर ओढणी धरून हसल्या. त्या दिवसापासून तिनं बोलावणी घेणं सोडलं, आणि लग्नघरांनी तिच्याऐवजी स्पीकर लावला.

सुरुवातीला मीही तिला खूप त्रास दिला. हिरड्या सोलून निघाल्या. ती मला काढून वाटीत ठेवायची आणि माझ्याकडे रागानं बघायची. मग हळूहळू आमचं जमलं. नागलीची भाकर चावली गेली, भाजलेले शेंगदाणे फुटू लागले. आणि एक दिवस भात पाखडताना ती सहज गायला लागली. शब्द एकेक करून स्वच्छ उमटले. ती गाता गाता थांबली, सूप खाली ठेवलं आणि तेच गाणं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान.

भरतची मुलगी माधुरी किन्हवलीच्या कॉलेजात अकरावीला होती. त्या वर्षी तिच्या वर्गातल्या मुलींमध्ये एक पुस्तक फिरत होतं. व्हॅम्पायर, म्हणजे माणसांचं रक्त पिणारं पिशाच्च. तेच पुस्तकाचा नायक. गोरा, देखणा, उदास. एका साध्या मुलीवर त्याचा जीव जडतो. पुस्तकाचं पान न पान मुलींना पाठ होतं. माधुरीची जिवाभावाची मैत्रीण कुणाली, तिनंच ते माधुरीला वाचायला दिलं.

माधुरी ते आजीला वाचून दाखवायची. गुणाबाई तांदूळ निवडत ऐकायची आणि मी तिच्या तोंडात बसून ऐकायचे.

"वय काय म्हनालीस त्याचं?" गुणाबाईनं विचारलं.

"शंभरच्या वर, आजी. पण दिसतो सतराचा."

"नि शिकतो कुठं?"

"अकरावीत. तिच्याच वर्गात."

गुणाबाईनं खडा बाजूला टाकला. "शंभर वरसं अकरावीत? दर साली नापास होतो काय गो?"

माधुरी हसून हसून आडवी झाली. पुढे नायक मुलीला सांगतो की मी वाईट आहे, माझ्यापासून लांब राहा. आणि रोज तिच्या खिडकीत येऊन ती झोपलेली बघत उभा राहतो. तिथे गुणाबाईचा हात थांबला.

"लांब राहा म्हनतो, मग हा कशाला येतो खिडकीत? घरच्यांनी त्याला हाकलला नाय?"

"त्याचं प्रेम असतं, आजी."

"असंल. पन माझ्या बापाला सत्तरीत एक दात नव्हता. हा शंभरचा झाला, चावायला जाईल नि त्याची कवळी पडंल."

त्या एका वाक्यातून माधुरीचं नाटुकलं जन्माला आलं. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात तिला त्या पुस्तकाची थट्टा करायची होती. पण मित्रांनो, तिच्या मनात नुसती थट्टा नव्हती. कुणालीला एक तरुण भेटत होता. तो मोटारसायकल घेऊन स्टँडवर थांबायचा. तिनं कुणाशी बोलावं, कोणत्या गाडीनं जावं, हे तो ठरवू लागला होता. मध्येच म्हणायचा, "मी चांगला नाय, माझ्यापासून लांब राहा," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. कुणालीला तो पुस्तकातून उतरून आल्यासारखा वाटायचा. माधुरीनं एकदा तिला समजावून पाहिलं, तेव्हा कुणालीनं तिच्याशी बोलणंच टाकलं.

"नाटक बघून तरी तिला कळंल," माधुरी आजीला म्हणाली. "तुझी कवळी दे ना. तोंडात नाय घालनार, नुसती हातात लपवनार."

गुणाबाई कचरली. ती पुन्हा बोलावणी घेऊ लागली होती, आणि दुसऱ्याच दिवशी तिला हळदीत गायचं होतं. पण नातीनं कुणालीचं सगळं सांगितलं, तेव्हा तिनं मला काढलं, धुतलं आणि स्वच्छ रुमालात गुंडाळून दिलं.

कॉलेजच्या पटांगणात मांडव होता. भरतचा काळा रेनकोट पांघरून, तोंडाला तांदळाचं पीठ फासून माधुरी व्हॅम्पायर झाली होती. तिच्या वर्गातली दिपिका नायिका होती. मी माधुरीच्या मुठीत होते.

"मी वाईट आहे," माधुरी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "माझ्यापासून लांब राहा."

"बरं," दिपिका म्हणाली, आणि दप्तर उचलून चालू लागली.

"अगं, असं नसतं! तू थांबायचं असतं!"

"माझी एसटी चुकेल."

सगळं पटांगण हसलं. व्हॅम्पायर धावत गेला, दिपिकाच्या मानेशी वाकला, आणि ठरल्याप्रमाणे माधुरीनं मला सोडलं. मी दिपिकाच्या ओढणीत पडायचं ठरलं होतं. पण माधुरीच्या तळव्याला घाम सुटला होता. मी निसटून थेट सिमेंटवर आपटले आणि मधोमध दुभंगले. लोकांना वाटलं, हाही नाटकाचाच भाग. मी दोन तुकडे होऊन पडले होते आणि टाळ्या वाजत होत्या.

खाली पडल्यावर मला समोरच्या रांगा दिसत होत्या. सगळ्यांची तोंडं उघडी होती. एकटी कुणाली ओठ घट्ट मिटून बसली होती. मग ती उठली आणि मान खाली घालून बाहेर निघून गेली.

माधुरी घरी आली ती रडतच. तिनं माझे तुकडे आजीपुढे ठेवले. गुणाबाईनं ते बोटांनी जुळवून बघितले आणि पाण्याच्या वाटीत ठेवले. रागावली नाही. वरच्या दातांवाचून, अडखळत तिनं एवढंच विचारलं, "कुनाली हसली काय?"

"नाय. उठून गेली."

गुणाबाईनं वाटीवर झाकण ठेवलं. "मला हसल्या तवा मी किती वरसं घरात बसले, तुला ठाव हाय. सकाळी जा तिच्याकं."

सकाळी माधुरी कुणालीला घेऊनच आली. कुणालीनं मनगट ओढणीत लपवलं होतं. गुणाबाईनं ते हळूच बाहेर काढलं. त्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

कुणाली सांगू लागली. मांडवातून ती स्टँडवर गेली, तर तो तिथेच होता. तेच वाक्य पुन्हा म्हणाला. तिच्या कानात अजून लोकांचं हसू होतं. ती म्हणाली, "बरं," आणि एसटीकडे वळली. तिला वाटलं, तोही हसेल. त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. बांगड्या फुटल्या, माणसं जमली, तेव्हा त्यानं सोडलं.

"मी तुला हसायला नव्हतं केलं नाटक," माधुरी म्हणाली.

"मग सगळ्या कॉलेजसमोर कशाला? मला सांगायचंस."

"सांगितलं होतं. तू बोलायची थांबलीस."

"मग परत सांगायचंस," कुणाली म्हणाली.

 माधुरी कुणालीजवळ सरकून बसली. गुणाबाईनं वळांवर खोबरेल तेलात कालवलेली हळद लावली आणि म्हणाली, "तुझ्या आईला सांगू."

कुणालीनं हात मागे घेतला. "नको, आजी. आई कॉलेज बंद करील."

"मी येते संगती."

मी वाटीतच राहिले, पण पुढचं माधुरीनं घरी येऊन सांगितलं. कुणालीची आई प्रमिला आधी पोरीवरच चिडली. गुणाबाईचे शब्द नीट कळत नव्हते, म्हणून माधुरी एकेक वाक्य पुन्हा म्हणत होती. गुणाबाई म्हणाली, "पोरीचं कॉलेज नाय बंद करायचं. त्याचं स्टँडवर येनं बंद करायचं." प्रमिला ऐकत राहिली, आणि मग पायात चपला घालून उठली. पोलीस पाटलांना घेऊन सगळ्याजणी त्या तरुणाच्या घरी गेल्या, त्याच्या आईबापांपुढे मुलीचं मनगट दाखवलं. पुढे बरेच दिवस कॉलेज सुटायच्या वेळी गावातल्या दोघीतिघी बायका स्टँडवर जाऊन बसायच्या. तो पुन्हा दिसला नाही.

त्या संध्याकाळची हळदही चुकली नाही. माझ्यावाचून गुणाबाई काय गाणार, असं मला वाटत होतं. तिनं सूर धरला आणि दोन्ही बाजूंना बसलेल्या लग्नघरच्या दोन पोरींनी, तिनं आधी सांगून ठेवलेले शब्द तिच्यामागून स्पष्ट म्हटले. हसलं कुणी नाही. हे ऐकून मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. माझ्याशिवाय तिचं अडत नव्हतं. पण त्या दोघी मुली तेव्हापासून धवले शिकू लागल्या, म्हणून मी ते वाईट वाटणं गिळलं.

संजीवनीबाईंनी मला सांधून दिलं. माधुरीच्या नाटुकल्याला मुरबाडच्या एका कार्यक्रमाचं बोलावणं आलं, तेव्हा तिनं आधी कुणालीला विचारलं, "करू काय? तू नाय म्हनालीस तर नाय करनार."

कुणालीनं एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "कर. पण नायिका मी होनार."

तिथे कवळी थर्माकोलची होती. मी गुणाबाईच्या तोंडात, प्रेक्षकांत बसून ते नाटक पाहिलं.

मित्रांनो, कवळी सांभाळून वापरा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांची कवळी दिसली तर नाक मुरडू नका. ती धुऊन, पाण्यानं भरल्या वाटीत ठेवत जा. आणि थट्टाही खुशाल करा. खोट्या गोष्टीची थट्टा व्हायलाच हवी. फक्त सगळे पोट धरून हसत असताना एकदा मागे वळून बघा. एखादं तोंड मिटलेलं असेल. हसणं तिथेच सोडा आणि त्याच्याशेजारी जाऊन बसा.